शेंदुर्णी ते पहूर, उन्हाची बाजू

५ सप्टेंबर, शुक्रवार

बाबा कुरुमहून, बंगल्यांच्या भागातून, आले ते एक खोका घेऊन. तिथल्या जर्मन मॅडमच्या किचनची कपाटं खोलायला गेले होते. मॅडम कायमची चाललीय आपल्या देशात. खोक्यात ट्रेन. बोटाएवढं इंजिन, तीन डबे, गोल जोडायचे रूळ, आणि बिस्किटच्या पुड्याएवढा ट्रान्सफॉर्मर. मुलाचं होतं म्हणे, तो मोठा झाला. बाबांनी किती द्यायचे विचारलं तर ती हसली. म्हणाली, तुझ्या घरी कोण आहे? बाबा म्हणाले मुलगी, सतरा वर्षांची. मग तिला दे, म्हणाली.

थँक्यू कोणाला म्हणू, ती समोर नव्हती. समोर असती तर तोंडातून निघालं नसतं हे पण खरं. म्हणून इथे. थँक्यू मॅडम.

फरशीवर जोडली. फिरली. आई मेथी निवडत होती, तिचे हात थांबले.

७ सप्टेंबर

आईचे डबे द्यायला बाबांच्या सुतारकामाच्या वर्कशॉपला गेले तेव्हा इंजिन खिशात होतं. नानांना दाखवलं. नाना म्हणजे फोरमन. बाबांना ओमानला त्यांनीच आणलं. त्यांना ऐकायला फार कमी येतं, सगळी नोकरी करवतीच्या मशीनजवळ गेली. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि गंमत म्हणजे मला जमतं. शाळेत वाचायला उभं केलं की माझा आवाज गायब व्हायचा. नववीत तर हजेरीला "येस" पण निघेना. मग शाळाच सोडली. पण नानांशी मी ओरडते. मशीन चालू असतात ना, दुसऱ्या कोणाला ऐकू जात नाही.

नानांनी इंजिन तळहातावर घेतलं. चष्मा वर केला. "ही तर आपली पीजे."

पीजे म्हणजे आमच्याकडची छोटी गाडी, पाचोरा ते जामनेर. मधे शेंदुर्णी, पहूर वगैरे. नाना शेंदुर्णीचे, आई पहूरची, बाबा जामनेरच्या बाजूचे. तिघं पण तिच्यातच मोठे झाले. मी म्हणे एकदा बसलेय, आईच्या मांडीवर. आठवत नाही. आता बंद आहे. रूळ काढले, मोठी लाईन टाकणार.

नाना म्हणाले, "नोव्हेंबरात मी चाललो माय. फायनल एक्झिट, कायमचा. तोपर्यंत करशील का? मला एकदा शेंदुर्णीहून पहूरला जायचंय."

मी ओरडून हो म्हटलं. म्हटल्यावर भीती वाटली.

१२ सप्टेंबर

जागेचा प्रश्न सुटला. वर्कशॉपच्या ऑफिसवर माळा आहे, तिथे जुने दरवाजे टाकलेत. अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचा मालक, काल रुस्ताकहून, त्याच्या लांबच्या गावाहून, आला होता, नानांनी त्याला विचारलं. नाना त्याच्याशी अर्बीत बोलतात, त्यात मधेच "भाऊ" म्हणतात, अर्बाबला सवय आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. मग तो म्हणाला, खलास, म्हणजे झालं, ठरलं, माळा तिचा.

दरवाजे एका बाजूला लावले. तीन फळ्या जोडायच्या ठरल्या. पहिल्या फळीवर शेंदुर्णी स्टेशन, मधल्या फळीवर रानातला भाग, तिसऱ्यावर पहूर. पाचोरा-जामनेर पूर्ण करायचं तर अर्बाबला रुस्ताकपर्यंत माळा बांधावा लागेल, असं बाबा.

माप मी काढलं, मोबाईलवर. या रुळांवर आपली गाडी म्हणजे माणूस दोन सेंटिमीटरचा. नानांनी एका तुकड्यावर दोन सेंटिमीटरची रेघ मारली. म्हणाले, हा मी.

१६ सप्टेंबर

आता मला सगळं माहीत करून घ्यायचंय. लाईनच्या बाजूला काय काय होतं. नाना लहानपणी रोज शेंदुर्णीहून पहूरला जायचे, तिथे मामाच्या दुकानात सुतारकी शिकायला. आई पहूरहून शेंदुर्णीला जायची, शाळेला. म्हणजे दोघांचं मिळून होईल. बाबा फक्त सणावारी बसायचे आणि झोपायचे, त्यांचा उपयोग नाही.

नाना: डाव्या हाताला आधी जिनिंगची भिंत, मग सुकलाल पाटलाची विहीर, चिंच, मोटेचे दोन दगडी खांब, मग फाटक, मग केळीचं रान.

आई (पोळ्या लाटताना): उजव्या हाताला केळी, मग फाटक, मग एक भुताची विहीर, तिच्यावर झाड, मग कसलीतरी लांब भिंत. "भुताची का?" "मुली म्हणायच्या म्हणून."

नानांसाठी लाल टाचण्या, आईसाठी निळ्या. डावीकडे लाल, उजवीकडे निळ्या. किती छान भरलं दोन्ही बाजूंनी.

आई बाबांना म्हणत होती, मी बाथरूममध्ये आहे हे विसरून. "नाना गेला की हिचा आवाजपण जाईल बघा." मी नळ सोडला.

२६ सप्टेंबर

रोज डबे पोचवून झाले की माळ्यावर. नानांनी फळ्या अशा कापल्यात की जोड दिसत नाही, नखाने शोधावा लागतो. खाली मशीन बंद झाली की नाना जिन्यावरून हाक मारतात, वर येत नाहीत. गुडघे. मीच एकेक गोष्ट खाली नेऊन दाखवते. आज शेंदुर्णी स्टेशनचं छप्पर नेलं. त्यांनी फुंकर मारून पाहिलं. म्हणाले, उडत नाही, म्हणजे खरं नाही, आमचं उडायचं.

दोन जर्मन डब्यांवर पुठ्ठ्याचे आपले डबे चढवले. रंगावरून भांडण. नाना म्हणतात गेरूचा रंग. आई म्हणते निळा, डोळ्यासमोर आहे. दोघांना फोटो दाखवले तर दोघं पण बरोबर, नानांच्या वेळी तांबडे होते, आईच्या वेळी निळे. म्हणून एक डबा तांबडा आणि एक निळा. बाबा म्हणाले, अशी गाडी कधीच धावली नसेल. मग आता धावेल.

३ ऑक्टोबर

झाडं! अर्बाबने काल त्याच्या रुस्ताकच्या बागेतून वाळक्या काटक्या आणल्या, अख्खी पिशवी. सिद्र म्हणतात त्याला. बाबांनी हातात घेतली आणि म्हणाले, अरे ही तर बोर. आपल्या बांधावरची. काट्यावरून ओळखली. बारीक फांद्या अगदी बाभळीसारख्या दिसतात. अर्बाब माळ्यावर चढून आला, धापा टाकत. गाडी बघून म्हणाला आमच्याकडे पण येणार ट्रेन, इन्शाल्ला. मला "शुक्रान", म्हणजे थँक्यू, म्हणायचं होतं. ओठ हलले. त्याला कळलं असावं, त्याने छातीवर हात ठेवला.

वाळू वादीतली, म्हणजे इथल्या कोरड्या नदीतली, आईच्या चाळणीने चाळली. आईला सांगितलेलं नाही.

१० ऑक्टोबर

फाटक झालं. शेंदुर्णी आणि पहूरच्या मधे फाटक होतं पण फाटकवाला नव्हता. नाना म्हणाले गाडी फाटकाआधी थांबायची. गाडीतलाच एक माणूस उतरायचा, फाटक लावायचा. गाडी पलीकडे जाऊन परत थांबायची. तो फाटक उघडायचा आणि पळत येऊन चढायचा.

मी ओरडले, "कोणाला घाई नसायची का?"

"असायची ना. पण गाडी एकच होती."

बाबांनी फळीखालून तार घातली, खालून ओढली की फाटक पडतं. नानांना सांगितलं तर म्हणाले तार काढ. बोटानेच लावायचं. ते काम माझं.

म्हणजे नाना फाटकवाले, मी ड्रायव्हर. ठरलं.

विहिरी पण दोन्ही झाल्या. नानांची डावीकडे, खांब आणि चिंचेसकट. आईची भुताची उजवीकडे, तिच्यावर झाड वाकलेलं. आईच्या विहिरीला मी जरा जास्त काळं केलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काय लिहू.

सुट्टी म्हणून सगळे आले होते. नाना पहिल्यांदाच माळ्यावर चढले, एकेक पायरी, बाबा मागून. आई वरण-बट्टी घेऊन आली. नाना फळीजवळ वाकले आणि किती वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सुकलालची विहीर दोनदा काहून आली?"

मी ओरडून सांगितलं एक तुमची, एक आईची. ती भुताची.

नाना आईकडे वळले. "भुताची कोणती वो?"

आई म्हणाली तीच ती, चिंचेखालची, दोन दगड उभे असलेली. बोलता बोलता ती थांबली.

नाना डाव्या हाताला बसायचे, पहूरकडे जाताना. आई उजव्या हाताला बसायची, शेंदुर्णीकडे येताना. गाडी उलट, माणूस उलट. म्हणजे बाजू एकच! लांब भिंत म्हणजे जिनिंगची भिंत. केळी त्याच केळी. विहिरीवरचं झाड म्हणजे ती चिंच. मी एकच बाजू दोनदा बनवली. अर्ध्या टाचण्या चुकीच्या. सव्वा महिना.

बाबांना हसू आवरेना. त्यांना तिथेच दरवाज्यांवर बसावं लागलं. "उन्हाकडं कोण बसंल बाप्पा. दक्षिणेकडून ऊन यायचं. सगळी गाडी सावलीकडे."

नाना आणि आई पण हसायला लागले. आमच्याकडची माणसं चढतानाच सावली बघून चढतात म्हणे, जागा नंतर.

मी विचारलं मग उन्हाकडे कोण बसायचं? हळूच विचारलं, तरी आईला ऐकू आलं. "उशिरा येणारे. नाहीतर परगावचे."

त्या बाजूला काय होतं, तिघांपैकी कोणालाच माहीत नाही.

१८ ऑक्टोबर

माळ्यावर गेले नाही.

१९ ऑक्टोबर

गेले. पुट्टीच्या पत्र्याने उजवीकडचं सगळं खरवडून काढलं. भुताची विहीर काढताना रडू आलं, किती चांगली झाली होती. आईने ती घरी मागितली. आता खिडकीत आहे, आई तिच्यात लवंगा ठेवते.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. नाना फराळाला घरी. इथली त्यांची शेवटची दिवाळी असं कोणी म्हणालं नाही. आईने शंकरपाळ्यांचा जास्तीचा डबा भरला त्यावरून कळलं.

यूट्यूबवर पीजेचे सगळे व्हिडिओ बघून झाले. शूटिंग करणारे पण सावलीकडच्या दारात उभे! उन्हाकडे कॅमेरा धरला की नुसतं पांढरं येतं, म्हणून असेल. वरून सॅटेलाईटचा नकाशा बघितला. शेतं. छपरं. पण ती आत्ताची. आणि वरून. गाडी काही आकाशातून जात नव्हती.

बाबा म्हणाले, लाव ना काहीतरी, दोन बाभळी, एक घर, कोण तपासणार. मी नानांना विचारलं. ते पातळ पुरीसारखी एक फळी रंधत होते. रंधा थांबवला.

"रिकामं ठेव. माहीत नाही तर माहीत नाही."

त्या वाक्यासाठी नाना तुमचे आभार. मी हे तुम्हाला सांगणार नाही. पण रात्री नीट झोप लागली.

५ नोव्हेंबर

गाडी अडकते. शेंदुर्णी सुटली की झटके, मधल्या फळीवर बंद. रूळ बदलले, वायर बदलली, बाबांनी ट्रान्सफॉर्मर खोलून परत लावला. काही नाही. शेवटी मी बोट फिरवलं रुळावर, बोट पांढरं. लाकडाचा भुसा! खाली दिवसभर एमडीएफ कापतात, पिठासारखा उडतो, वर येऊन रुळावर बसतो. सुतारांच्या डोक्यावर गाडी चालवायची तर हे होणारच. नानांनी थिनर लावलेलं फडकं दिलं. पुसलं, गेली सटकन. परत एक तास खाली मशीन चालू, परत बंद.

म्हणजे गाडी फक्त शुक्रवारी धावू शकते. ठीक आहे. खरी पण काही दिवसभर धावत नव्हती.

१४ नोव्हेंबर

नानांचं तिकीट आलं. २७ तारीख. त्यांनी टूलबॉक्स रिकामा केला, प्रत्येकाला काहीतरी. मला काही दिलं नाही. वाईट वाटलं. मग म्हणाले, तुझं काम बाकी आहे, काम झाल्याशिवाय आमच्याकडे हात मोकळा करत नाहीत.

माणसं बनवतेय. तारेवर कागद आणि फेविकॉल. दोन सेंटिमीटर. एक नाना, दफ्तरवाली आई, झोपलेले बाबा. बाबा सगळ्यात सोपे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं. झालं झालं.

सगळं लिहून ठेवते.

सकाळी फडकं मारून रूळ पुसले, दोनदा. नाना अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले, जसं काही खरंच गावाला जायचंय. सोबत छोटी पिशवी. मी ओरडून विचारलं पिशवीत काय? "डबा. प्रवासात लागतो." आईने कपाळाला हात लावला.

नानांनी स्टूल घेतलं आणि बसले कुठे, तर सावलीच्या बाजूला. कोणी सांगितलं पण नाही. बाबांनी मला डोळा मारला.

मी नॉब फिरवला. शेंदुर्णीवरून सुटली. तांबडा डबा, निळा डबा. जिनिंगची भिंत. विहीर. चिंच. मी फाटकाआधी थांबवली. नानांनी बोट पुढे केलं आणि फाटक लावलं. गाडी पुढे, परत थांबली. फाटक उघडलं. मग नाना पळाल्यासारखे खांदे हलवायला लागले, बसल्या बसल्या, चढेपर्यंत. आई इतकी हसली की पदराने डोळे पुसले. केळी. पहूर.

गाडी उभी राहिली. खाली मशीन बंद, म्हणजे पूर्ण शांत. नाना म्हणाले, "पोचलो."

मग पिशवीतून डबा काढला, शेव आणि पोळी. सगळ्यांनी खाल्लं. पहूर स्टेशनात.

परत चार फेऱ्या केल्या. पाचव्या फेरीला नाना उठले आणि फळीच्या पलीकडे गेले, रिकाम्या बाजूला. तिथे नुसतं प्लाय. मोकळ्या लाकडावरून त्यांनी हात फिरवला, ते नेहमी फिरवतात तसा, गुळगुळीत आहे का बघायला.

"इथं काय असंल माय?"

"माहीत नाही नाना."

"मी जाऊन पाहतो. घरी दुसरं काम काय आहे मला."

मग खिशातून एक चपटी पेन्सिल काढली, सुताराची, अर्धी झालेली, आणि मला दिली. काम झालं नाही अजून, म्हणाले, पण हात मोकळा करतो.

माझा आजचा दिवस कोणी दिला? मॅडम, बाबा, आई, अर्बाब, बोर. नाना.

२७ नोव्हेंबर

एअरपोर्ट. दोन बॅगा आणि दोरीने बांधलेला एक कार्टन, त्यात साबण, टँग, सगळ्यांसाठी चादरी. नाना सगळ्यांना नमस्कार करत होते, ट्रॉलीवाल्याला पण. माझ्याजवळ आले. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, तयारी केली होती. पण तिथे मशीन नव्हती ना. एवढी माणसं, आणि शांत. आवाज आला नाही.

नाना म्हणाले, "माझ्यासारखं बहिरं एखादं शोध. ओरडत राहाय."

गेले.

३ डिसेंबर

नवा फोरमन आला, केरळचा. चांगला आहे. त्याला हळू बोललेलं पण ऐकू येतं, म्हणून मी काहीच बोलत नाही. डबा ठेवते आणि माळ्यावर जाते. अर्बाबने सांगून ठेवलंय, माळा तिचाच.

आई बरोबर होती बहुतेक.

९ डिसेंबर

नानांचा व्हिडिओ! नातवाकडून पाठवला असणार. सुरुवातीला नुसता अंगठा. मग जमीन, चपला. मग नानांचा आवाज, बातम्या दिल्यासारखा. "आज आम्ही शेंदुर्णीहून पायी निघालो आहोत. रूळ नाहीत. भराव आहे." श्वास लागलेला. मग भिंत आली, जिनिंगची, अर्धी पडलेली. आणि मग विहीर! चिंच आहे! एकच दगडी खांब आहे. मी जोरात आईला हाक मारली. आई कणकेच्या हाताने आली. तिने विहीर बघितली, म्हणाली, एवढीशी होती होय.

व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा लक्षात आलं.

भिंत, विहीर, चिंच. ही सावलीचीच बाजू! नाना भरावावरून चालले ते पण सावली सावलीने, बाभळींच्या कडेने, आणि सगळं तिकडचंच दाखवलं. उन्हाकडे एकदा पण मान वळवली नाही.

आई हसत खालीच बसली. "या माणसाला उन्हात उभं करायचं म्हणजे..."

१० डिसेंबर

मेसेज टाकला: नाना, दुसरी बाजू. उत्तरात फुलाचा फोटो, शुभ सकाळ.

परत टाकला. परत शुभ सकाळ.

आईला म्हटलं तू फोन कर ना. ती म्हणाली हात भरलेत. मी म्हटलं धू. ती म्हणाली, "मला त्याच्याशी ओरडणं जमत नाही. ते तुझं काम."

मी आजवर स्वतःहून कोणाला फोन केलेला नाही. डबेवाल्यांचा आला तरी आईला देते.

११ डिसेंबर

केला.

घरात रेंज तुटते, म्हणून खाली उतरले. सकाळची वेळ, आमच्या हमरिया भागातली सगळी दुकानं उघडत होती. कोपऱ्यावर केरळच्या किराणावाल्या चेट्टाचं शटर अर्धं वर. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. रिंग गेली. "हालोऽ." मी हळू बोलले. "कोण?" परत बोलले. "कोण बोलू राहिलं? ऐकू येत नाही." ते ठेवणार होते. मला माहीत आहे ते कसे ठेवतात, न बघता, अंगठ्याने.

मी ओरडले. "नाना, मी! उन्हाकडे बघा! उन्हाकडे! तुम्ही सावलीचीच बाजू दाखवली!"

रस्त्यावरचे सगळे थांबले. पाकिस्तानी टेलर बाहेर आला. एक म्हातारा ओमानी काठी टेकवून बघत राहिला.

तिकडून नानांचं हसू. ते खोकल्यासारखं. "मायला, खरंच की."

फोन ठेवला तर चेट्टा शटरखालून म्हणाला (मोळे म्हणजे त्यांच्यात बेटी), "मोळे, इतना आवाज है तो फोन क्यों, सीधा इंडिया पहुँच जाएगा."

"सॉरी चेट्टा," मी म्हटलं. एवढी वर्षं त्याच्याकडून दूध आणते, त्याने माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला. त्याला पण नवल वाटलं, त्याने एक फाईव्ह स्टार दिलं, घे म्हणाला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नवा व्हिडिओ. आम्ही तिघांनी मिळून बघितला, माळ्यावर, गाडी पहूरला उभी करून.

सगळं पांढरं.

नुसतं पांढरं, आणि त्यातून नानांचा आवाज. "माय, हे बघ, उन्हाकडं धरलं. दिसतंय का? मला तर डोळेच उघडता येईना. ते तिकडं काहीतरी आहे... देऊळ आहे का काय... नाही, देऊळ नाही... कोणीतरी बसलंय वाटतं. थांब." मग चपलांचा आवाज, मग गवताचा. मग नातवाचा, "आबा, पडशाल." व्हिडिओ बंद.

बाबा म्हणाले देऊळ असेल. आई म्हणाली कोणाचं तरी खळं असेल. बाबा म्हणाले तुला काय माहीत, तू तर सावलीत बसलेली. दोघांचं बराच वेळ चाललं.

नंतर नानांचा मेसेज, नातवाने लिहिलेला. आबा बरे आहेत. गुडघा सुजला. आभाळ आलं की परत जातो म्हणाले, नाहीतर तू ये, तुझे डोळे कोवळे आहेत.

आईने ते वाचलं आणि मोबाईल मला परत दिला. बट्ट्यांचा डबा झाकता झाकता, माझ्याकडे न बघता विचारलं, जाशील का एकटी? पहूरला तुझा मामा आहेच.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

ते दोघं खाली गेल्यावर रिकाम्या बाजूला गेले. चपट्या पेन्सिलीने प्लायवर एक छोटी फुली काढली, विहिरीच्या समोर, जिथे नाना उभे असतील अंदाजे. त्यावर टाचणी लावली. लाल. उन्हाकडची पहिली.

उद्या फोन करून गुडघ्याचं विचारायचं आहे. खाली रस्त्यावर उतरूनच.